ओलायातला इतिहासाचा वर्ग

रियाधमध्ये असताना "तुम्ही काय करता?" असं कुणी विचारलं की मी "इतिहास शिकवते" असं सांगायची. समोरचा माणूस जरा थांबायचा आणि मग सहानुभूतीनं म्हणायचा, "ते झालंच हो. पण नोकरी कुठे?"

नोकरी तीच होती. रियाधच्या ओलाया भागातल्या एका उंच इमारतीत, खाली दातांचा दवाखाना आणि वर एका बँकेचं कार्यालय, त्यांच्या मधल्या मजल्यावर आमची संस्था होती. खालून ड्रिलचा आवाज यायचा, वरून काहीच यायचं नाही. मी मूळची सांगलीची. तिथल्या कॉलेजात काही वर्षं इतिहास शिकवला, मग नवऱ्याला रियाधच्या एका बँकेत संगणक विभागात नोकरी लागली आणि मी त्याच्या मागोमाग गेले. माझ्या इकाम्यावर, म्हणजे तिथल्या रहिवासाच्या ओळखपत्रावर, "काम करण्यास परवानगी नाही" असं छापलेलं होतं. फोनवर सासूबाईंना ते वाचून दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग स्वयंपाक कोण करतं?" पुढे संस्थेनं कागदपत्रं करून घेतली आणि मला परवानगी मिळाली. स्वयंपाकही चालू राहिला.

आमच्या संस्थेत फाउंडेशन वर्ष चालायचं. हे काय असतं ते सांगते, कारण माझ्या सख्ख्या भावालाही ते शेवटपर्यंत कळलं नाही. तो लोकांना सांगायचा की ताई बांधकाम खात्यात आहे. बारावी झाली, पण परदेशातलं विद्यापीठ म्हणतं की एवढ्यावर थेट पहिल्या वर्षात घेत नाही. किंवा बारावी होऊन फार वर्षं लोटलीत. किंवा विषयच वेगळे होते. अशांसाठी मधे एक वर्ष घालतात. त्या वर्षात विद्यार्थ्याला वाचायला, टिपणं काढायला आणि स्वतःचं म्हणणं पुराव्यानिशी मांडायला शिकवतात. वर्ष पार पडलं की विद्यापीठाचं दार उघडतं. बहुतेक मुलं बिझनेस घ्यायची, उरलेली इंजिनीअरिंग. इतिहासाला मूठभर यायची. तो विषय बंद झाला नाही याचं कारण असं की परदेशी विद्यापीठानं दिलेल्या माहितीपत्रकात तो छापलेला होता आणि माहितीपत्रक पुन्हा छापायला कुणी तयार नव्हतं.

इतिहास शिकवायचा म्हणजे राजे आणि लढाया सांगायच्या, असं पालकांना वाटायचं. प्रत्यक्षात माझं वर्षातलं निम्मं काम एकच शब्द उच्चारण्याचं होतं: "कशावरून?" पोरगं काहीतरी लिहून आणायचं, मी विचारायची, कशावरून? ज्याच्यावरून आपण म्हणतो, त्याला आमच्या धंद्यात साधन म्हणतात. ते कागद असेल, नाणं असेल, कुणाची आठवण असेल. साधन सापडलं की पुढचे प्रश्न: हे कुणी सांगितलं, कधी सांगितलं, सांगण्यात त्याचा काय हेतू होता. एका बँकवाल्या वडिलांना मी हे समजावून सांगितलं, तर ते म्हणाले, "मॅडम, हे तर आमचं ऑडिट डिपार्टमेंट करतं." मी नंतर बरीच वर्षं पालकांना पटवायला त्यांचं वाक्य वापरलं. त्यांनी मात्र मुलीला बिझनेसलाच घातलं.

अलीकडे मुलं यंत्राकडून निबंध लिहून घ्यायला लागली. एकदा एका मुलानं फार सुरेख निबंध आणला. शेवटी संदर्भग्रंथांत एका प्राध्यापकांचं जाडजूड पुस्तक होतं. मी ते आठवडाभर शोधलं. पुस्तक नव्हतं. प्राध्यापकही नव्हते. मुलाला विचारलं तर तो म्हणाला, "पण मॅम, आर्ग्युमेंट चांगलं होतं ना?" चांगलं होतं. मी त्याला नापास केलं.

पण मला सांगायचंय ते शमीमबद्दल.

शमीम आली ती मुलीला घेऊन. मुलगी अलिना, नुकतीच बारावी झालेली, बिझनेसच्या फाउंडेशनला प्रवेश घ्यायला आली होती. ही मंडळी दापोलीकडच्या एका खाडीकाठच्या गावातली. शमीमच्या नवऱ्याचं, इक्बालभाईंचं, जिझानला दुकान. जिझान म्हणजे देशाच्या पार दक्षिणेला, लाल समुद्रावरचं बंदर. मासेमारीच्या होड्यांना लागणारे दोर, जाळी, रंग, आणि आता रिफायनरीच्या कंत्राटदारांना लागणारे नळ आणि जोड असं सगळं ते विकायचे. मुलीच्या शिक्षणासाठी मायलेकी रियाधला फ्लॅट घेऊन राहत होत्या.

अलिना आत चाचणी देत होती आणि शमीम बाहेर बसून माहितीपत्रक वाचत होती. अंगभर काळा अबाया, चष्मा, पायाशी भाजीची पिशवी. मी जवळून जाताना तिनं मला थांबवलं. इथे येणाऱ्या मराठी बाया माझ्याशी आधी हिंदीत बोलायच्या. हिनं थेट मराठीत विचारलं.

"टीचर, हे इतिहासाचं आहे, याला वयाची अट आहे का?"

"नाही."

"बारावी गावच्या शाळेत झालेली चालते?"

"चालते."

"मग माझं पण नाव घाला."

तेवढ्यात अलिना बाहेर आली. तिला काय घडलंय ते कळायला थोडा वेळ लागला. "ममा," ती म्हणाली, "यू आर नॉट सीरियस." शमीम पिशवीतून पेन काढत होती.

इक्बालभाईंची काही हरकत नव्हती. ते फोनवर मला म्हणाले, "तिला पहिल्यापासून शौक आहे, मॅडम. शिकू दे." पुढे कळलं की जिझानच्या बाजारात ते सगळ्यांना सांगत होते की आमची मिसेस युनिव्हर्सिटीत आहे.

विषय वेगळे असले तरी निबंधलेखनाचा तास सगळ्यांना एकत्र होता. पंधरवड्यात अलिना माझ्याकडे आली. "मॅम, कॅन यू प्लीज टेल हर नॉट टू रेज हर हँड एव्हरी टाइम?" मी सांगितलं की वर्गात कुणी कुणाची आई नसते, सबब मी शमीमला हात वर करण्यापासून रोखू शकत नाही. अलिनाला वाक्याचा पहिला भाग पटला. त्या दिवसापासून ती वर्गात आईचा उल्लेख "शी" असा करू लागली, आणि घरी जाताना दोघी एकाच टॅक्सीत बसायच्या.

शमीम हुशार होती, पण तिचे पहिले निबंध वाईट होते. कारण ती चांगल्या घरातली होती. मोठ्यांनी सांगितलेलं ती खरं मानायची. पुस्तकात छापलेलं म्हणजे मोठ्यांनी सांगितलेलं. दोन पुस्तकं एकमेकांच्या विरुद्ध बोलली की ती दोघांचं ऐकून घ्यायची आणि शेवटी "दोन्ही थोर लेखक आहेत" असं लिहून मोकळी व्हायची. मी लाल पेननं "कशावरून?" लिहायची. ती पुढच्या वेळी दोन्ही लेखकांना आणखी थोर करायची.

वर्षाच्या उत्तरार्धात प्रत्येकाला एक प्रकल्प करावा लागे. विषय स्वतःचा, साधनं स्वतः शोधायची. शमीमनं विषय निवडला: खाडीकाठची माणसं जिझानच्या बाजारात कशी आली, एका दुकानाची हकीकत. दुकान अर्थातच घरचं.

"घरचंच आहे, टीचर. सोपं जाईल."

हे वाक्य मी बऱ्याच विद्यार्थ्यांकडून ऐकलं आहे. कुणालाही सोपं गेलेलं नाही.

घरची हकीकत अशी होती: इक्बालभाईंचे वडील, उस्मानशेठ, एका ट्रंकेनिशी जहाजानं एकटे आले. ओळखीचं कुणी नाही, भाषा येत नाही. बंदरावर दोर विकायला बसले आणि त्यातून दुकान उभं केलं. उस्मानशेठ वारले त्यालाही बरीच वर्षं झाली होती. जिझानच्या घरी बकरी ईदला मोठं जेवण असायचं, गावाकडची मंडळी व्हिडिओ कॉलवर असायची, आणि जेवणाआधी इक्बालभाई उभे राहून ही हकीकत सांगायचे. आमचे अब्बा एकटे आले, इथून सुरुवात.

मी शमीमला म्हटलं, नवऱ्याचं ऐकलंत, आता त्या वेळी जी माणसं होती त्यांना विचारा. तशी गावात एकच उरली होती: खतिजाफुपी, उस्मानशेठची बहीण. शमीमनं तिला फोन केला आणि बोलणं रेकॉर्ड केलं. दुसऱ्या दिवशी ती तासाच्या आधीच आली, वर्गाचं दार लावून घेतलं आणि मोबाइल माझ्या टेबलावर ठेवला.

"फुपी," रेकॉर्डिंगमध्ये शमीम विचारत होती, "अब्बा जिझानला गेले तेव्हाचं काय आठवतं?"

"उस्मान? आधी हसन गेला ना."

"हसन कोण?"

मागे कुणीतरी कोंबड्या हाकलत होतं. मग म्हातारीचा आवाज आला. "माझा भाव. उस्मानाच्या पाठचा. दुकान त्यानं मांडलान. मग कावीळ झाली, तिकडंच गेला. तिकडंच पुरलान त्याला. मग उस्मान गेला."

"मग आजपर्यंत कुणी कसं बोललं नाही?"

"आईच्या समोर त्याचं नाव काढायचं नाय, असं ठरलं घरात. तिला सोसत नव्हतं. आई बरीच वर्सं जगली. ती गेली तवर नाव काढायची सवयच ऱ्हायली नव्हती."

शमीमनं मोबाइल बंद केला. लग्न होऊन या घरात येऊन तिला पंचवीस वर्षं होत आली होती.

"फुपीचं वय झालंय, टीचर. चुकत असेल."

"शक्य आहे," मी म्हटलं. "कशावरून चुकतेय?"

तिनं माझ्याकडे पाहिलं ते मला आवडलं नाही, पण प्रश्न तिला पोचला होता. एका माणसाच्या आठवणीवर विसंबायचं नसतं. तिच्याशी संबंध नसलेलं दुसरं साधन शोधायचं असतं. असं दुसरं माणूस होतं. त्या काळी परदेशी माणसाचं दुकान कुणातरी सौदी माणसाच्या नावावर चालायचं, त्याला कफील म्हणायचे. उस्मानशेठचा कफील आता फार म्हातारा झाला होता, पण शुद्धीवर होता. त्याच्या सुनेशी शमीमची जुनी मैत्री. तिच्यामार्फत शमीमनं फोनवर आपल्या बाजारातल्या अरबीत विचारलं, की दुकान सुरू कुणी केलं? म्हातारा म्हणाला, "हसननं. पोरसवदा होता. सारखा हसायचा. तो मेल्यावर त्याचा भाऊ आला, आणि राहिला."

दापोलीकडची म्हातारी आणि जिझानचा म्हातारा आयुष्यात कधी भेटले नव्हते. त्यांना एकमेकांची भाषाही येत नव्हती. अशी दोन साधनं एकच गोष्ट सांगतात, तेव्हा आमच्या धंद्यात आनंद मानायचा असतो. शमीम खुर्चीत बसून राहिली.

"मग आमच्याकडे दर ईदला सांगतात ते?"

"तेही साधनच आहे," मी म्हटलं. "फक्त दुकानाचं नव्हे, घराचं."

तिनं त्या संध्याकाळी इक्बालभाईंना फोनवर सांगितलं. पुढच्या आठवड्यात ते विमानानं रियाधला आले. आधी आमच्या मॅनेजरना भेटले. हे मॅनेजर जॉर्डनचे, सभ्य गृहस्थ, गिऱ्हाईक नाराज झालेलं त्यांना सोसायचं नाही. ते माझ्या खोलीत येऊन म्हणाले, "मॅडम, इतिहासात विषय कमी आहेत का? तिला पिरॅमिड द्या." आणि इक्बालभाईंना माझ्यासमोर बसवून गेले.

इक्बालभाईंनी टेबलावर आंब्यांची पेटी ठेवली. "घ्या, मॅडम. जिझानचे आहेत. हापूस नाही, पण वाईट नाहीत." रत्नागिरी जिल्ह्यातला माणूस दुसऱ्या गावच्या आंब्याबद्दल एवढं बोलतो, तेव्हा प्रकरण गंभीर असतं. पन्नाशी ओलांडलेले, इस्त्रीचा शर्ट, बोलणं अगदी हळू.

"मॅडम, बाजारात लोक काय म्हणतील? भावाचं दुकान लाटलं म्हणतील. आणि माझे अब्बा उत्तर द्यायला नाहीत."

हा मुद्दा बरोबर होता. मी तसं सांगितलं. मेलेल्या माणसाला बाजू मांडता येत नाही, तेव्हा त्याच्याबद्दल लिहिताना जपून लिहायचं, हे मीही वर्गात शिकवायची.

"मग बदला विषय."

"विषय त्यांचा आहे. बदलायचा तर त्यांनी बदलायचा."

"हसनचाचा म्हणून कुणी होता, हेच मला ठाऊक नाही."

"मग फुपी चुकत असतील."

"चुकतेच ती. आणि असला कुणी, तरी तो काय दुकान काढणार? त्याला पोहण्यापलीकडे काही येत नव्हतं."

खालून ड्रिलचा आवाज येत होता. इक्बालभाई आंब्यांच्या पेटीकडे बघत होते. बोललेलं परत घेता येईल का, याचा विचार करत असावेत.

"चांगले पोहायचे का?" मी विचारलं.

"खाडी एका दमात पार करायचे," ते म्हणाले. 'तो'चे 'ते' झाले होते. "मला पाठीवर घेऊन."

मग ते उठले. दारापाशी जाऊन म्हणाले, "विषय बदला, मॅडम. नाहीतर तिचं शिक्षण इथेच खलास." आंबे ठेवून गेले. आंबे खरोखरच वाईट नव्हते.

शमीमला मी झालेलं सगळं सांगितलं. हेही सांगितलं की विषय बदलायला अजून वेळ आहे, गुण कापले जाणार नाहीत, आणि नवरा शिक्षण थांबवतो म्हणतोय ही काही वर्गातली अडचण नाही.

"विषय बदलत नाही," ती म्हणाली. "पण त्यांना बाजूला ठेवून लिहिणार पण नाही. ते काय म्हणतात ते त्यांच्याच तोंडून हवं. नाहीतर मी पण तेच केलं ना, जे घरानं हसनचाचाचं केलं."

मधली सुट्टी लागली आणि ती जिझानला गेली. अलिना मैत्रिणीकडे राहिली. एकदा ती संस्थेत पुस्तक परत करायला आली, ते परत करून झालं तरी उभीच राहिली.

"मॅम, इज माय फादर गोइंग टू डिव्होर्स हर ओव्हर ॲन असाइनमेंट?"

मी म्हटलं की माझ्या माहितीत असं पूर्वी कधी घडलेलं नाही. तिनं मान हलवली. तिचे डोळे सुजलेले होते. मग तिनं मला पहिल्यांदाच मराठीत विचारलं, "पण मम्मी बरोबर आहे ना?" मी म्हटलं, "ते शोधायलाच गेलीय."

सुट्टीभर शमीमचा फोन आला नाही. मीही केला नाही. तिला वर्गात आणून बसवलं ते मी नव्हे, पण वर्गात प्रश्न विचारायला शिकवलं ते मीच, आणि त्या प्रश्नापायी आता एका घरात काय चाललं असेल, हे मला सांगलीत किंवा ओलायात कुठल्याच पुस्तकात वाचायला मिळालं नव्हतं. नवऱ्याला मी हे बोलून दाखवलं. तो म्हणाला, "तू बिझनेस शिकवायला हवं होतंस."

सुट्टी संपली आणि शमीम परत आली. घडलं ते असं.

जिझानला गेल्यावर तिनं काहीच विचारलं नाही. स्वयंपाक केला, कपाटं आवरली. इक्बालभाई दुकानातून यायचे, जेवायचे, बातम्या लावायचे. तीही बातम्या बघायची. शुक्रवारी नमाज झाल्यावर ते घरी आले आणि म्हणाले, "चल, गाडीत बस." गाडी त्यांनी गावाबाहेर नेली आणि कब्रस्तानाच्या भिंतीपाशी उभी केली. तिथे बायका आत जात नाहीत, आणि कबरींवर नावंही नसतात, नुसते दगड. बाहेर उकाडा म्हणून त्यांनी इंजिन चालू ठेवलं. शमीमनं विचारलं, "रेकॉर्ड करू?" ते म्हणाले, "कर."

ते रेकॉर्डिंग मी स्टाफरूममध्ये ऐकलं. गाडीच्या एसीचा आवाज आणि त्यावर इक्बालभाईंचं हळू बोलणं.

"बातमी आली तेव्हा मी लहान होतो. चाचानं सुट्टीवर येताना रेडिओ आणला होता. दादीनं तो उचलला आणि विहिरीत टाकला. कुणी तिला अडवलं नाही. मी रोज विहिरीत वाकून बघायचो. वाटायचं, खालून गाणं लागेल."

"आणि अब्बा?" शमीमचा आवाज.

"अब्बांनी मला इथे दुकानात आणलं तेव्हा मी विशीत होतो. दर शुक्रवारी नमाज झाली की ते इथे यायचे. मला म्हणायचे, तू गाडीत बस. आत जायचे. फार वेळानं यायचे. मी एसी लावून बसायचो." मग नुसता एसीचा आवाज. "कुणाकडे जाता, एकदाही विचारलं नाही मी. म्हातारे झाले, चालवेना, तरी यायचे. मला वाटायचं, सवाब, पुण्य मिळवायला येतात."

शमीमनं ते बंद केलं नव्हतं. बऱ्याच वेळानं इक्बालभाई म्हणतात, "लिही. पण हे पण लिही."

मी उठून पॅन्ट्रीत गेले आणि सगळ्या स्टाफसाठी चहा केला. कुणी मागितला नव्हता.

शमीमनं प्रकल्प लिहिला. फुपी काय म्हणाली, कफील काय म्हणाला, नवरा आधी काय म्हणाला आणि नंतर काय म्हणाला, हे सगळं एकापुढे एक ठेवलं. दुकान हसननं मांडलं, हे तिनं स्पष्ट लिहिलं. उस्माननं भावाचं नाव पुसलं असं म्हणायला मात्र आधार नाही, असंही लिहिलं. आईसमोर नाव घेता येत नव्हतं, पुढे घेतलं गेलं नाही, आणि ज्या माणसानं ते घेतलं नाही तोच दर शुक्रवारी त्याच्या कबरीशी जात असावा, एवढंच म्हणता येतं. त्या "असावा"साठी ती माझ्याशी दोन दिवस भांडली. तिला "होता" लिहायचं होतं. मी म्हटलं, आत कुणाकडे जायचे हे कुणी पाहिलंय? तिनं "असावा" लिहिलं.

परदेशातल्या परीक्षकांनी चांगले गुण दिले आणि शेरा मारला की निष्कर्ष अधिक ठाम हवा होता. शमीम भडकली. "यांना काय माहीत?" ती म्हणाली. "कशावरून ठाम?" छापील शेऱ्याला तिनं थोर म्हणायचं नाकारलं, तेव्हा माझ्या दृष्टीनं तिचं फाउंडेशन वर्ष पूर्ण झालं. तिला विद्यापीठानं इतिहासाच्या पदवीला प्रवेश दिला. ती घरूनच, दूरशिक्षणानं करते आहे. अलिना बिझनेस शिकायला परदेशी गेली. आमच्या मॅनेजरनी पुढच्या माहितीपत्रकात यशस्वी विद्यार्थिनी म्हणून शमीमचा फोटो छापला. खाली लिहिलं होतं: बिझनेस.

त्यानंतर लवकरच आम्ही फायनल एक्झिट घेतली, म्हणजे कायमचं परत यायचं ठरवलं. निघण्याआधी बकरी ईदला शमीमनं आम्हा दोघांना जिझानला बोलावलं. मी इतक्या वर्षांत तिथे गेले नव्हते. विमानातून उतरलं की ओला टॉवेल तोंडावर टाकल्यासारखी हवा.

घर माणसांनी भरलेलं होतं. पुरुष बाहेरच्या बैठकीत, बायका आतल्या खोलीत, मधलं दार अर्धं उघडं. बैठकीतल्या मोठ्या पडद्यावर गावाकडचं घर दिसत होतं. मधोमध खुर्चीवर खतिजाफुपी, पांढरी ओढणी, मागे पोरीबाळींची रांग. आमच्या खोलीत सांदणांची ताटं मांडणं चाललं होतं. बाहेर इक्बालभाई उभे राहिलेले दारातून दिसले आणि शमीमचा हात ताटावरच थांबला. ते काय बोलणार हे तिला माहीत नव्हतं. तिनं विचारलंही नव्हतं.

"आमचे अब्बा," इक्बालभाई म्हणाले, आणि थांबले. दुकानातली माणसं, नातेवाईक, कफीलाचे नातू, सगळे वाट बघत होते. पुढचं वाक्य सगळ्यांना पाठ होतं.

"आधी हसनचाचा आले," इक्बालभाई म्हणाले. "दुकान त्यांनी मांडलं. मग अब्बा आले."

एका लहान मुलानं बापाला इंग्रजीत विचारलं, हसन कोण? बापानं त्याला गप्प केलं, कारण त्यालाही ठाऊक नव्हतं. शमीमनं ताट खाली ठेवलं.

पडद्यावर फुपी पुढे वाकली. "काय म्हटलंस? रेंज नाय हिकडं. कोण आलं?"

"हसनचाचा!" इक्बालभाई जरा मोठ्यानं म्हणाले.

"आँ? आवाज तुटतोय. परत सांग."

"हसनचाचा, फुपी! आधी हसनचाचा आले!"

"कोण?"

हळू बोलणारा तो माणूस आता बैठकीच्या मधोमध उभा राहून ओरडत होता. "हसन! हसनचाचा!" स्वयंपाकघरातल्या बाया काम टाकून दारात आल्या होत्या.

रेंजबद्दल मला शंका आहे. पहिल्यांदा नाव उच्चारलं गेलं, त्याच क्षणी फुपीच्या मागच्या सगळ्या पोरी वळून तिच्या तोंडाकडे बघायला लागल्या होत्या. म्हणजे आवाज पोचत होता. ती मात्र कानामागे हात धरून "परत सांग" म्हणत राहिली, आणि इक्बालभाई परत सांगत राहिले.